साठी ओलांडलेली मोटर, शेवईएवढं सील

आजोबांच्या काळातली बोटीची मोटर पुन्हा पाण्यात उतरवायची तर रंगरंगोटी नंतर. आधी तिचा पाण्याखालचा डबा उघडा!

तुमच्या ग्रुपमध्ये एकतरी असा असतोच. वीकेंडला सगळे मल्टिप्लेक्सला आणि हा पठ्ठ्या जुनी बुलेट उघडून पार्किंगमध्ये बसलेला. हात ग्रीसनं काळे, चेहऱ्यावर मात्र परमानंद. आता हाच पठ्ठ्या ऑनसाइटच्या निमित्तानं अमेरिकेत मिनेसोटा नाहीतर विस्कॉन्सिनला गेला, तर काय उघडून बसेल? मिनेसोटात गाडीच्या नंबरप्लेटवरही ‘टेन थाउजंड लेक्स’ असं अभिमानानं लिहिलेलं असतं. जिकडे बघावं तिकडे तळी, तळ्यात बोटी, आणि घरोघरीच्या गॅरेजमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेली एखादी जुनी आउटबोर्ड मोटर.

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायचं इंजिन. तारकर्लीला डॉल्फिन बघायला गेला असाल, तर होडीच्या शेपटीला लटकलेलं ते धुडधुडणारं यंत्र आठवा. तेच ते. फरक एवढाच, की अमेरिकेतल्या हौशी मंडळींच्या हाती लागतं ते अनेकदा १९५०च्या दशकातलं असतं. साठी केव्हाच ओलांडलेलं, तरीही दोरी ओढली की चालू होणारं. आणि इथेच खरी गोम आहे. दोरी ओढल्यावर चालू होतं ते फक्त वरचं इंजिन. बोट पुढे जाणार की नाही, हे ठरतं सगळ्यांत खाली, पाण्यात बुडालेल्या एका बंद डब्यात. त्याला म्हणतात लोअर युनिट.

आइस्क्रीम वितळलं म्हणून...

या मोटरच्या जन्माची गोष्ट एकदम फिल्मी आहे. ओले इव्हिन्रूड हा नॉर्वेत जन्मलेला, लहानपणी विस्कॉन्सिनला आलेला आणि मिलवॉकीत स्थिरावलेला मेकॅनिक. उन्हाळ्यातल्या एका दिवशी बेसला, म्हणजे पुढे त्याची बायको झालेल्या मुलीला, आइस्क्रीम खावंसं वाटलं. साहेब होडी वल्हवत तळ्यापलीकडे गेले. परत येईपर्यंत आइस्क्रीमचं पाणी! वल्ह्यांऐवजी इंजिन का नको, हा विचार म्हणे त्या दिवशी सुचला. दंतकथेत मीठमसाला किती, ते सोडा. १९०९मध्ये इव्हिन्रूडची मोटर बाजारात आली, हे मात्र पक्कं. दीड हॉर्सपॉवर, वजन ६२ पौंड, म्हणजे साधारण २८ किलो. यंत्र ओलेचं, पण धंदा उभा केला बेसनं. जाहिरातीची कॉपीही तिनंच लिहिली.

ओलेच्या आधीही काहींनी असे प्रयोग केले होते. पण त्यानं जी मांडणी रूढ केली, ती आजही तशीच आहे. इंजिन वर, त्यातून सरळ खाली जाणारा उभा शाफ्ट, आणि पाण्याखाली तिरक्या दातांचे गिअर. ते गिअर उभ्या शाफ्टचं फिरणं काटकोनात वळवून पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला देतात.

पुढे जॉन्सन नावाच्या भावांनी स्वतःची मोटर काढली आणि १९३०च्या दशकात जॉन्सन आणि इव्हिन्रूड हे दोन्ही ब्रँड एका छताखाली आले. १९४९ साली जॉन्सननं १० हॉर्सपॉवरचं ‘क्यूडी’ मॉडेल काढलं. हा खरा टर्निंग पॉइंट! त्याआधीच्या बहुतेक छोट्या मोटर्सना गिअर बदलायची सोयच नव्हती. इंजिन चालू झालं की बोट सुटलीच. क्यूडीमध्ये फॉरवर्ड, न्यूट्रल आणि रिव्हर्स असे तिन्ही गिअर आले, शिवाय पेट्रोलची वेगळी टाकी. ही मालिका १९६३पर्यंत चालली. आज हौशी लोकांच्या हाती ज्या मोटर्स वारंवार पडतात, त्यात हिचा आणि हिच्या भावंडांचा नंबर वरचा.

वरून कीर्तन...

जुनी मोटर विकणारा काय करतो? ती पाण्याच्या पिंपात उभी करतो, दोरी ओढतो, इंजिन धडधडतं. निळसर धूर, पेट्रोलचा वास... आपण खूश. घरी आणून आपण कार्ब्युरेटर साफ करतो, नवे स्पार्क प्लग लावतो, पत्र्याला मूळच्या शेडचा रंग मारतो. फोटो काढतो. सगळे वा वा म्हणतात.

खालच्या डब्यात मात्र वेगळंच नाटक चालू असतं. या डब्यात गिअर ऑइलमध्ये बुडालेले असतात. ऑइल आत राहावं आणि पाणी बाहेर राहावं, यासाठी जिथे जिथे शाफ्ट किंवा दांडा डब्याच्या भिंतीतून जातो, तिथे रबराचं सील असतं. साठ वर्षांत रबराचं काय होतं, ते तुमच्या आईच्या प्रेशर कुकरच्या जुन्या रिंगला विचारा. ते कडक होतं, चिरतं, आणि मग थेंबथेंब पाणी आत शिरतं.

ओळखायचं कसं? डब्याच्या खालच्या बाजूला ऑइल काढायचा स्क्रू असतो. तो सैल करा. स्वच्छ, गडद ऑइल आलं तर नशीबवान आहात. दूध जास्त झालेल्या चहासारखं काही आलं, तर आत पाणी आहे. आधी नुसतं पाणीच आलं आणि मग ऑइल, तर प्रकरण जुनं आहे.

‘थोडं पाणी शिरलं तर एवढं काय?’ दोन गोष्टी. पाणी मिसळलेलं ऑइल गिअर आणि बेअरिंगवर टिकत नाही, लोखंड गंजतं, दात खडबडीत होतात. ही झाली हळू मरणाची गोष्ट. दुसरी झटपट. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं. मिनेसोटातला हिवाळा म्हणजे महिनोन्‌महिने शून्याखाली. बंद डब्यातलं पाणी गोठलं, फुगलं, की अॅल्युमिनियमचा डबा सरळ तडकतो. वसंतात गॅरेज उघडावं, तर रंगवलेल्या, चकाचक मोटरच्या पायाला उभी भेग!

आणि हा डबा दुकानात मिळत नाही. जॉन्सन-इव्हिन्रूडची मूळ कंपनी ओएमसी डिसेंबर २०००मध्ये दिवाळखोरीत गेली. ब्रँड विकत घेणाऱ्या बॉम्बार्डियर घराण्यातल्या बीआरपीनं मे २०२०मध्ये इव्हिन्रूड आउटबोर्डचं उत्पादनच थांबवलं. सील आणि इंपेलर यांसारखे झिजणारे पार्ट अजून बाजारात मिळतात, सिएरासारख्या कंपन्या ते बनवतात. पण १९५५चा डबा आणि त्यातले गिअर हवे असतील, तर दुसरी एखादी मेलेली मोटर शोधा आणि तिचे अवयव काढा. म्हणजे तडकलेला प्रत्येक डबा एक मोटर कायमची कमी करतो. सगळ्यांत स्वस्त पार्ट फाटला म्हणून सगळ्यांत दुर्मीळ पार्ट जातो. लोअर युनिट ‘चालतंय ना, मग राहू दे’ म्हणून सोडायचं नसतं, ते यासाठी.

उघडा, पण घाई नको!

आता मुद्द्याचं. सुरुवात पंख्यापासून. टोकाची पिन सरळ करून काढली की शंकूसारखा नट निघतो, मग पंखा. शाफ्टमधून आडवी जाणारी एक छोटी पिन दिसेल, ती शिअर पिन. पंखा दगडावर आपटला तर ही बिचारी तुटते आणि गिअर वाचवते. घरातल्या फ्यूजच्या तारेसारखं समजा. तिच्या जागी दांडगा खिळा ठोकणारे महाभाग सगळ्या जगात असतात. खिळा तुटत नाही. मग दात तुटतात.

पंख्यामागे शाफ्टला गुंडाळलेली मासेमारीची नायलॉन दोरी सापडली तर आश्चर्य वाटू देऊ नका. सील कापण्यात तिचा हातखंडा असतो.

मग ऑइल काढणं. इथे एक जुना सापळा आहे. अनेक जॉन्सन-इव्हिन्रूड मोटर्समध्ये ऑइलच्या स्क्रूच्या आसपासच आणखी एक स्क्रू असतो. दिसायला साधाच. पण तो आतल्या गिअर बदलणाऱ्या लिव्हरचा टेकू असतो. फक्त ऑइल बदलायला निघालेला माणूस तो काढतो, आत लिव्हर सुटतो, आणि अर्ध्या तासाच्या कामाचा पूर्ण वीकेंड होतो. म्हणून आधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळवा, मग स्क्रू ड्रायव्हर उचला. वरून येणारा गिअरचा दांडा कुठे सोडवायचा, हेही मॉडेलप्रमाणे बदलतं. ते न सोडवता खेचाखेची केलीत, तर दांडा वाकलाच म्हणून समजा.

खरी परीक्षा जाम झालेल्या स्क्रूंची. अॅल्युमिनियमचा डबा, त्यात स्टीलचे स्क्रू, वर्षानुवर्षं पाण्यात. मोटर समुद्रात वापरलेली असेल तर विचारूच नका. खारं पाणी या दोन धातूंमध्ये बॅटरीसारखं काम करतं आणि अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांमध्ये सिमेंटसारखी बसते. जोर लावला की स्क्रूचं डोकं हातात, उरलेला आत. मग ड्रिल करा, नवे आटे पाडा, कपाळावर हात मारा!

उपाय सोपा, पण ऑफिसवाल्यांना जड जाणारा : थांबायचं. गंज सोडवणारं ऑइल टाकून एकदोन दिवस विसरून जा. मग गॅसच्या छोट्या टॉर्चनं स्क्रूभोवतीचं अॅल्युमिनियम हलकं गरम करा. डब्यातलं ऑइल आधी काढलेलं असू द्या आणि पेट्रोल दूर ठेवा. अॅल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे भोक किंचित मोठं होतं आणि पकड सुटते. पण ते साधारण ६६० अंश सेल्सिअसला वितळतंही, तेव्हा ज्योत एका जागी धरून बसू नका. स्क्रू ड्रायव्हरचं पातं खाचेत गच्च बसणारं हवं. आधी किंचित आवळायचं, मग सोडवायचं. पुन्हा आवळायचं, पुन्हा सोडवायचं. ‘करकर’ असा आवाज आला की ओळखा, जमलं!

डब्यात दडलंय काय?

डबा मोकळा झाला की वरच्या तोंडाशी आधी दिसतो पाण्याचा पंप. शाफ्टवर बसवलेलं रबरी फूल, म्हणजे इंपेलर, हे बाहेरचं पाणी खेचून वर इंजिन गार ठेवायला पाठवतं. जुन्या इंपेलरच्या पाकळ्या एका बाजूला वाकून तशाच राहिलेल्या असतात. विचार न करता बदला. हे काम राहून गेलं, तर खालचा डबा वाचेल, पण वरचं इंजिन भाजेल.

पंपाखाली शाफ्टचं सील, आणि शेजारी गिअरच्या दांड्याभोवतीची छोटी ओ-रिंग. ही सगळ्यांत दुर्लक्षित. बुशखाली लपलेली असल्यामुळे ‘असू दे, ठीक असेल’ म्हणून लोक ती सोडतात, आणि पुढच्या मोसमात पाणी नेमकं तिथूनच शिरतं.

आता डबा उलटा धरा. क्यूडीच्या घराण्यातल्या मोटर्समध्ये खालचा पंखासारखा भाग, म्हणजे स्केग, स्क्रू काढले की झाकणासारखा निघतो. आणि आत... उभ्या शाफ्टच्या टोकाला छोटा गिअर. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन मोठे गिअर, एक फॉरवर्डचा, एक रिव्हर्सचा. हे दोघं कायम एकमेकांच्या विरुद्ध दिशेनं फिरत असतात. त्यांच्यामध्ये, पंख्याच्या शाफ्टवर, मागेपुढे सरकणारा एक जाड दातेरी तुकडा, त्याचं नाव डॉग. तो ज्या गिअरला जाऊन बिलगेल, तिकडे बोट जाते. मध्येच उभा राहिला तर न्यूट्रल. एवढंच! १९४९च्या लोकांना भारी वाटलेली जादू म्हणजे हा तळहातावर मावणारा तुकडा.

काहीही उचलण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. प्रत्येक टप्प्याचा. कोणता वायसर कुठे, कोणत्या सीलचं तोंड कुणीकडे. सीलची ओठासारखी कड ज्या बाजूला असते, त्या बाजूचं द्रव ते अडवतं. उलटं बसवलं तर नवंकोरं सीलही निरुपयोगी.

मग तपासणी. गिअरच्या दातांवर खड्डे किंवा गंजाची खरवड आहे का? बुश ढिले झालेत का? डॉगच्या कडा गोल झाल्या असतील, तर बोट वेगात असताना गिअर आपोआप निसटतो. काही मॉडेल्समध्ये डॉग दोन्ही बाजूंनी सारखा असतो. तो उलटा बसवला की रिव्हर्सची कमी वापरलेली बाजू फॉरवर्डला येते. फुकटात काम! शाफ्टवर सीलनं पाडलेली रेघ नखाला लागत असेल, तर बारीक पॉलिश पेपरनं तिच्या कडा मऊ करा. नखच अडकत असेल, तर नवं सीलही तिथे फार दिवस टिकायचं नाही. मग शाफ्ट तरी बदला, नाहीतर त्यावर स्लीव्ह चढवा.

शेवई आणि बुडबुडे

जोडताना मुख्य पात्र म्हणजे झाकण आणि डबा यांच्यामधल्या खोबणीत बसणारी बारीक रबरी दोरी. अमेरिकन मेकॅनिक तिला ‘स्पॅघेटी सील’ म्हणतात. आपण शेवई म्हणूया. खोबणी आधी अगदी स्वच्छ हवी. जुन्या सीलरचा कणभर थर राहिला तरी झाकण सपाट बसत नाही. शेवई ताणायची नाही. ताणून बसवली की नंतर आखडते आणि टोकाशी फट पडते. टोकं नीट भिडवायची, कडक न होणारं सीलर पातळ लावायचं, आणि स्क्रू एकाआड एक, थोडेथोडे आवळायचे. स्क्रूच्या आट्यांनाही सीलर लावा. पाणी शिरणार नाही, आणि पुढच्या खेपेला स्क्रू निमूटपणे सुटेल. कोण जाणे, ती पुढची खेप तुमच्या मुलांची असेल.

ऑइल भरायची घाई मात्र अजूनही नको. आधी बुडबुडा टेस्ट! ऑइलच्या एका भोकाला हातपंप जोडायचा, दुसरं बंद करायचं आणि डब्यात थोडी हवा भरायची. सुरुवातीला ३ ते ६ पीएसआय पुरे. मग डबा बादलीत बुडवायचा आणि बघत बसायचं. बुडबुडे आले, तर कुठून येतात ते दिसतंच. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात दाबतो ना, अगदी तस्संच. शाफ्ट हातानं फिरवून, गिअरचा दांडा हलवून पुन्हा बघा. स्थिर असताना शहाण्यासारखी वागणारी सील हलल्यावर रंग दाखवतात.

पाणी शांत राहिलं, तर ऑइल. तेही वरून ओतायचं नाही. खालच्या भोकातून आत ढकलायचं, म्हणजे अडकलेली हवा वरच्या भोकातून निघते. वरून ऑइल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू, मग खालचा. दोन्हींचे वायसर नवे.

पण इतका खटाटोप कशासाठी?

प्रश्न रास्त आहे. नवी मोटर घ्या, मोकळे व्हा! शिवाय जुन्या टू-स्ट्रोक मोटर्सचं पर्यावरणाशी जमत नाही, हेही खरं. त्या धूर सोडतात, थोडं न जळलेलं पेट्रोल आणि ऑइल पाण्यातही सोडतात. लेक टाहोवर कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोक मोटर्सना १९९९मध्येच बंदी आली. अशी मोटर रोज दामटायची गोष्ट नाही. म्हणूनच १९६५पासून चालत आलेल्या ‘अँटीक आउटबोर्ड मोटर क्लब’सारख्या मंडळींची रीत पटते. मोसमात कधीतरी ‘वेट मीट’ भरवायचं, सगळ्यांनी आपापल्या म्हाताऱ्या पाण्यात उतरवायच्या, दोन फेऱ्या मारायच्या आणि घरी न्यायच्या.

आणि दुरुस्तीला कमी लेखू नका. १९३९मध्ये कार्ल कीकहेफर नावाच्या इंजिनिअरनं विस्कॉन्सिनमधल्या सीडरबर्गचा एक डबघाईला आलेला कारखाना घेतला. सोबत आल्या गिऱ्हाइकानं नाकारलेल्या सुमारे ३०० सदोष आउटबोर्ड मोटर्स. त्यानं त्या भंगारात घातल्या नाहीत. उघडल्या, सुधारल्या आणि ज्यानं नाकारल्या होत्या त्यालाच विकल्या. गिऱ्हाइकानं आणखी मागितल्या! त्यातून उभी राहिली मर्क्युरी, आज आउटबोर्डच्या जगातलं सगळ्यांत मोठ्या नावांपैकी एक.

दिवसभर आपण जे काम करतो, त्याला ‘अनडू’ असतं, ‘व्हर्जन टू’ असतं, आणि ते नक्की कधी संपलं हे कुणालाच सांगता येत नाही. लोअर युनिटला यातलं काही नसतं. सील बसलं किंवा नाही बसलं. बादलीतलं पाणी खोटं बोलत नाही, आणि बॉसला मेलही पाठवावा लागत नाही.

टूलबॉक्स
• मॉडेल नंबरची पट्टी आधी शोधा, त्यावरूनच सील किट आणि मॅन्युअल मागवा.
• पूर्ण सील किट घ्या. ‘हे एक सील बरं दिसतंय’ हा मोह टाळा.
• सील ठोकताना त्याच्याच मापाचा पाना-सॉकेट वापरा. हातोडी थेट सीलवर नको.
• मोटर कोरडी चालवू नका. पाण्याशिवाय इंपेलरची वाट लागायला काही सेकंद पुरतात.
• समुद्रात वापरली तर दर वेळी गोड्या पाण्यानं धुवा. आपल्या कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर हा नियम दुप्पट महत्त्वाचा.
• मोटर उभी ठेवा, म्हणजे पंपातलं पाणी निथळून जातं.

शेवटची परीक्षा तळ्यावरून परतल्यानंतर असते. मोटर रात्रभर उभी ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड, आत शिरलं असेल तर रात्रीत खाली बसतं. सकाळी खालचा स्क्रू फक्त किंचित सैल करा आणि पहिला थेंब बोटावर घ्या. पांढुरका असेल तर पुन्हा कामाला लागा, थंडी पडायला अजून वेळ आहे. स्वच्छ, सोनेरी, दाट असेल, तर स्क्रू आवळा, बोट पुसा आणि चहा टाका. या हिवाळ्याची काळजी मिटली!